लवंगीचा टेरियर क्लास: १८० पौंड वसूल झाले का?

आधीच सांगून टाकते, टेरियर कुत्र्यांना उंदीर धरायला शिकवणाऱ्या क्लासचे १८० पौंड भरून ६ रविवार मी शेतावर गेले, पहिला सोडून पिल्लाला घेऊन, आणि त्या ६ रविवारांत तिने एकाही उंदराला तोंड लावलं नाही. लावू दिलंच नाही. तिसऱ्या रविवारी परत येताना गाडीत मी नवऱ्याला म्हणाले की आपण बहुतेक फसलोय, ही बाई आपल्याकडून पैसे घेऊन कुत्रीला नुसतं उभं राहायला शिकवतेय, एवढं तर मी घरी फुकटात शिकवलं असतं. आता वर्ष होत आलं आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसलेय तो ५ पैकी साडेचार स्टार द्यायला. अर्धा का कापला ते पुढे येईलच, त्याला कारण आहे.

थोडं आमच्याबद्दल, नाहीतर काही कळणार नाही. आम्ही नॉर्थम्बरलंडमध्ये राहतो, इंग्लंडचं अगदी वरचं टोक, त्याच्यावर स्कॉटलंडच. न्यूकॅसल तासाभरावर, तिथे नवऱ्याची हॉस्पिटलची नोकरी, मी घरून काम करते. मूळची मी सांगलीकडची, आमच्या दारात कुत्री कायम असायची पण ती "पाळलेली" नव्हती, भाकरी खायची, रात्री भुंकायची, एवढाच व्यवहार. इथे शेजारी एक गेमकीपर राहतो, म्हणजे शिकारीसाठीचे तितर-फेझंट सांभाळायची ज्याची नोकरी असते तो, त्याच्या बॉर्डर टेरियरला फेब्रुवारीत पिल्लं झाली आणि एप्रिलमध्ये त्यातलं सगळ्यात छोटं आमच्या घरी आलं. नाव ठेवलं लवंगी. मिरचीवरून. गावात कोणालाच ते म्हणता येत नाही, सगळे लव्ही म्हणतात, तिला दोन्ही चालतं, बिस्कीट असेल तर काहीही चालतं.

बॉर्डर टेरियर म्हणजे इथलंच कुत्रं, चेव्हियटच्या डोंगरातलं. केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेने, १९२० साली मान्यता दिली पण त्याच्या कितीतरी आधीपासून मेंढपाळ आणि शिकारवाले ही कुत्री ठेवून होते. दिसायला काही शोभेचं नाही बरं का, पाणमांजरासारखं रुंद डोकं, वरचे केस नारळाच्या काथ्यासारखे राठ आणि खाली मऊ लोकर, कातडी सैल, आणि शेपूट गाजरासारखी, बुडाशी जाड नि टोकाला निमुळती. चिखलात लोळली तर तासाभराने चिखल वाळून आपोआप पडतो, अर्थात माझ्या सोफ्यावर. टेरियर हा शब्दच टेरा म्हणजे जमीन या लॅटिन शब्दातून आलाय, जमिनीत घुसणारं कुत्रं, त्यामुळे चार महिन्यांची असताना तिने माझी कोथिंबीर मुळासकट उपटून तिथे स्वतःला मावेल एवढा खड्डा केला तेव्हा गेमकीपर काका शांतपणे म्हणाले की हिच्या आईचं आणि आजीचं आयुष्य काम करण्यात गेलंय, हिला तुम्ही काम दिलं नाही तर ही स्वतःचं काम स्वतः शोधेल. आणि मागच्या भिंतीपलीकडे मेंढ्या. ही भिंतीवर पुढचे पाय टेकून त्यांच्याकडे बघत थरथरायची. तेव्हा मला खरं टेन्शन आलं.

त्यांनीच या क्लासचा नंबर दिला. वेबसाइट नाही, फेसबुक नाही, नुसता फोन, तोही संध्याकाळी सातनंतर. कॉकेट नदीच्या खोऱ्यात एका मेंढ्यांच्या फार्मवर चालतो, शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, मदतीला एक तरुण मुलगा. नाव-पत्ता मी इथे टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, इथे कोणाला खरंच हवा असेल तर आपल्या भागातल्या एखाद्या गेमकीपरला विचारा, अशा बाई किंवा असे बाबा इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांच्या आसपास कुठेतरी असतातच.

पहिला रविवार कुत्र्यांशिवाय. हो, कुत्रा घरी ठेवून या. १२ जणं एका थंडगार शेडमध्ये गवताच्या गठड्यांवर बसलेलो आणि बाई दोन तास बोलल्या. मला त्यांची बोली पहिला अर्धा तास समजलीच नाही, नॉर्थम्बरलंडची बोली म्हणजे इंग्रजीचं मालवणी समजा, आणि त्या प्रत्येकाला "पेट" म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं, सहा फुटी दाढीवाल्या ट्रॅक्टरवाल्यालाही पेट. पण जेव्हा समजायला लागलं तेव्हा लक्षात आलं की बाई कामाचं बोलतायत. कायदा आधी. इंग्लंड-वेल्समध्ये हंटिंग अ‍ॅक्ट २००४ सालचा, लागू झाला फेब्रुवारी २००५ पासून, त्यात कुत्र्यांनी जंगली प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, उंदीर आणि ससा सोडून, आणि तेही ज्याची जमीन आहे त्याची परवानगी असेल तरच. मोठा रानससा, ज्याला हे लोक हेअर म्हणतात, तो त्या सवलतीत नाही, तेव्हा कुत्रं त्याच्या मागे सोडायचं नाही. कोल्ह्यासाठी बिळात कुत्रं सोडायचं तर एक चिंचोळी सवलत आहे, शिकारीचे पक्षी वाचवण्यापुरती, तिला शंभर अटी. बिज्जूला, म्हणजे बॅजरला, तर हातच लावायचा नाही, त्याच्यासाठी १९९२ चा वेगळाच कायदा आहे, त्याच्या बिळात कुत्रं गेलं तरी प्रकरण अंगाशी येतं. बाई म्हणाल्या, माझ्याकडे उंदीर आणि फार तर ससे, कोणाला याच्यापलीकडचं काही हवं असेल तर आत्ताच चहा पिऊन निघा, पैसे परत देते. एक जण खरंच निघून गेला. मला हे फार आवडलं.

मग आजार. लेप्टोच्या लशीचं कार्ड दाखवल्याशिवाय पुढच्या रविवारी गेटच्या आत घेणार नाही म्हणाल्या. पहिल्यांदा दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने आणि मग दरवर्षी एक. बाकीचे लोक "हं हं" करत होते, लेप्टो म्हणजे काय ते इथे कोणाच्या गावी नसतं, पण मी २००५ ला मुंबईत हॉस्टेलला होते. २६ जुलैच्या पुरानंतर गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्यांना ताप यायला लागले आणि हॉस्पिटलं भरली, ते सगळं आठवून माझ्या अंगावर काटा आला. उंदराच्या मुतातून येतो तो, कुत्र्यालाही होतो नि माणसालाही. तेव्हापासून मी फार्मवर रबरी हातमोज्यांशिवाय कशालाही हात लावत नाही आणि सँडविच खायच्या आधी हात धुते, यावरून तो ट्रॅक्टरवाला मला हसायचा. हसू दे.

आणि विष. ही गोष्ट मला माहितीच नव्हती. ज्या शेतावर उंदरांसाठी विषाचे ठोकळे ठेवलेत तिथे टेरियर न्यायचाच नाही, कारण ते विष रक्त गोठू देत नाही, उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो, तोवर त्याला घुबडाने खाल्लं तर विष घुबडात, कुत्र्याने खाल्लं तर कुत्र्यात. शेतकऱ्याला तोंडावर विचारायचं, ठोकळे आहेत का, कधी ठेवले, कुठे ठेवले. लाजायचं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या रविवारी पिल्लं आली. ११ पिल्लं, बॉर्डर, जॅक रसेल, दोन काळी पॅटरडेल आणि एक ज्याचं काय ते त्याच्या मालकालाही माहिती नव्हतं. बाईंनी प्रत्येकाला उचललं आणि दोन्ही हातांनी खांद्यामागे छातीला वेढा घातला, अंगठा अंगठ्याला आणि बोटं बोटांना टेकतात का बघायला. टेकली तर छाती बिळात मावेल, नाही टेकली तर कुत्रं अडकेल. आपण कलिंगड घेताना वाजवून बघतो ना, तसं अगदी सहज. लवंगीच्या वेळी बाईंची बोटं एकमेकांवर चढली तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला, जसं काही मीच तिला तशी बनवलीये.

त्या दिवशी फक्त शिट्टी. बाई सगळ्यांना एकाच नंबरची घ्यायला लावतात, बर्मिंगहॅमच्या अ‍ॅक्मे कंपनीची २१०.५ नंबरची, प्लास्टिकची. कारण साधं आहे, हरवली तर त्याच नंबरची दुसरी घ्यायची, सूर तोच येतो, पिल्लाला फरक कळत नाही. तोंडाने मारलेली शिट्टी थंडीत ओठ बधीर झाले की बदलते आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज तर त्याहून बदलतो. मी म्हटलं ही शिट्टी पुढे लागणार कधी, मला काय डोंगरावर थोडंच सोडायचंय, तर बाई म्हणाल्या, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी शिकवायला वेळ नसेल.

आता तिसरा आणि चौथा रविवार, जिथे मला आपण फसलो असं वाटलं होतं. दोन्ही रविवार मेंढ्या. एका छोट्या आवारात एक म्हातारी चेव्हियट मेंढी, पांढरं टक्कल पडल्यासारखं तोंड, कान उभे, आणि नजर अशी की माझ्या सहावीच्या गणिताच्या बाई आठवल्या. पिल्लू आखूड दोरीवर घेऊन आवाराच्या कडेने चालायचं. बस. चालायचं, थांबायचं, चालायचं. लवंगी पहिल्यांदा गेली ती पुढे वाकून, शेपूट ताठ, कान पुढे, मागच्या पायांची थरथर मला दोरीतून जाणवत होती. मेंढीने एकदा पुढचा पाय जमिनीवर आपटला. ठप्प. लवंगी एक पाऊल मागे. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, काही बोलू नको, ओढू नको, थांब. आम्ही थांबलो. किती वेळ कोण जाणे, पाच मिनिटं असतील, पाऊस पडत होता, माझ्या बुटात पाणी गेलं होतं. मग लवंगीने मेंढीवरून नजर काढली आणि क्षणभर वर माझ्याकडे बघितलं, म्हणजे नुसतं "आता काय" असं, त्याच क्षणी बाईंनी तिच्या तोंडात उकडलेल्या काळजाचा तुकडा टाकला. एवढंच. पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी आम्ही ते चाळीसेक वेळा केलं असेल आणि चाळिसाव्यांदा ती मेंढीच्या बाजूने अशी चालत गेली जशी मी ऑफिसच्या त्या एका माणसाच्या बाजूने जाते, बघितलंच नाही असं दाखवत.

याचं महत्त्व मला नंतर कळलं. इथे मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याबद्दल १९५३ चा कायदा आहे आणि शेतकऱ्याने मेंढ्या वाचवायला कुत्र्यावर गोळी झाडली तर ठरावीक परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. गाभण मेंढीला नुसतं पळवलं तरी पोटातलं कोकरू जाऊ शकतं, चावायलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे धनगरांची कुत्री कळपात जन्मतात, मेंढ्यांच्या अंगावर झोपतात, त्यांना कोणी हे शिकवत नाही. टेरियरला शिकवावं लागतं कारण त्याचं डोकं उलटं, जे पळेल त्याच्या मागे जायचं हे त्याच्या रक्तात. तेव्हा आधी काय सोडून द्यायचं ते, मग काय धरायचं ते. या क्लासचं सगळं सार हेच आहे आणि मला ते कळायला तीन रविवार, एक जोडी बूट आणि नवऱ्याशी एक भांडण लागलं.

मेंढीनंतर कोंबड्या, आणि मग फेरेट. फेरेट म्हणजे लांबट, मुंगसासारखं दिसणारं पाळीव जनावर, सशाच्या बिळात सोडतात, ससा बाहेर पळतो. पण कधी कधी बिळातून ससा न येता फेरेटच डोकं बाहेर काढतं आणि तिथे टेरियर टपून बसलेलं असेल तर संपलं, म्हणून पिल्लाला लहानपणीच फेरेटची सवय करतात. जाळीच्या खुराड्याशी नेतात, रोज थोडं, फेरेट म्हणजे घरातलंच हे डोक्यात बसेपर्यंत. लवंगीने जाळीला नाक लावलं, आतून फेरेटने कचकन धरलं. केकाटून माझ्या पायात. तेव्हापासून फेरेट दिसलं की ही पाठ फिरवून बसते, बाई म्हणाल्या, झालं शिकून, या विषयात पास.

पाचवा रविवार झाडी, ओढा, कुंपणं, पाइप. यात विशेष काही नाही, पिल्लं स्वतःच्या मजेने करतात. फक्त ओढा लवंगीला मान्य नव्हता, काठावर उभी राहून ओढ्यावर भुंकत बसली. बाईंची एक म्हातारी बॉर्डर आहे, अकरा वर्षांची, एक कान फाटलेला, पुढचे दात जवळजवळ नाहीत, मी तिला मास्तरीण म्हणते, ती कोणाकडे न बघता पाण्यातून चालत पलीकडे गेली आणि पलीकडे जाऊन अंग झटकलं. लवंगी दोन मिनिटं विचार करून मागोमाग. माणसाने अर्धा तास लाडीगोडी लावून जे होत नाही ते म्हातारी कुत्री दोन मिनिटांत करते, हे मी घरी सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्ही हेच तर तुम्हाला सांगत असतो.

सहावा रविवार दात तपासणे, पंजे तपासणे, कानात गवताचं कुसळ गेलंय का ते बघणे, गोचीड काढायची हुक फिरवून कशी काढायची, जखम मिठाच्या पाण्याने कशी धुवायची. हे कोणीही शिकवतं, पुढे जाते.

खरी मजा त्यानंतर. क्लास केलेल्यांना बाई हिवाळ्यात फील्डवर नेतात, दिवसाचे २५ पौंड वेगळे. पीक निघालं की शेतातले उंदीर गोठ्यांकडे आणि धान्याच्या कोठारांकडे सरकतात, शेतकरी स्वतःच बाईंना बोलावतात. पहिला दिवस नोव्हेंबरात, लवंगी नऊ महिन्यांची. मी तयारीत, मुलाच्या पहिल्या स्पर्धेला जाते तशी. आणि बाईंनी तिची दोरी एका लोखंडी गेटला बांधायला सांगितली, कामाच्या जागेपासून दहा मीटरवर. दिवसभर. बघू दे, म्हणाल्या. नऊ महिन्यांच्या पिल्लाला पक्के दात आलेले असतात पण अक्कल आलेली नसते, मोठा उंदीर तिच्या ओठाला लटकला तर एकतर ती कायमची बुजेल नाहीतर वेड्यासारखी पेटेल, दोन्ही वाईट. मी मनात म्हटलं, २५ पौंडात गेटला बांधलेली कुत्री.

आणि इथेच तो अर्धा स्टार गेला. त्या दिवशी पिल्लं ९ होती आणि बघणारे दोघंच, बाई आणि तो मुलगा. बाई पलीकडच्या शेडमध्ये असताना एका माणसाने आपलं सात-आठ महिन्यांचं पिल्लू सोडू का विचारलं आणि मुलगा "हो सोडा" म्हणाला. दोन मिनिटांत उंदीर पिल्लाच्या वरच्या ओठाला. पिल्लू किंचाळत गोल गोल फिरतंय, मालक त्याच्या मागे, शेवटी मास्तरणीने येऊन मामला संपवला. जखम छोटीच, दोन टाकेसुद्धा नाही लागले, पण डिसेंबरात ते पिल्लू परत आलं तेव्हा बिळाच्या जवळ जाईना, मालकाच्या पायामागे. बाईंनी मुलाला सगळ्यांसमोर झापलं ते बरोबरच पण माझं म्हणणं, ९ पिल्लांना दोन माणसं पुरत नाहीत हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं, आणि त्या माणसाला पैसे परत द्यायला हवे होते, ते दिले नाहीत. मी बाईंना हे तोंडावर सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या बरोबर आहे पेट. जानेवारीपासून फील्डला सहाच्या वर पिल्लं घेत नाहीत, हेही सांगायला पाहिजे.

डिसेंबर गेटला. जानेवारी गेटला, पण पाच मीटरवर. एवढ्यात एक गोष्ट मला दिसली जी मला आधी दिसत नव्हती. नोव्हेंबरात लवंगी सगळ्यांवर सारखी भुंकत होती, जानेवारीत ती भुंकायची थांबली आणि मास्तरणीकडे बघायला लागली. मास्तरीण एका बिळावरून पुढे गेली की लवंगी बसायची, मास्तरीण दुसऱ्या बिळाशी थबकून मान वाकडी केली की लवंगी उभी. कोणतं बीळ रिकामं आणि कोणतं भरलेलं, हे ती गेटला बांधलेल्या दोरीवरून शिकत होती. यालाच मी फसवणूक म्हणत होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, वर्ष पूर्ण झाल्यावर, बाईंनी दोरी सोडली. जागा म्हणजे डुकरांच्या जुन्या शेडमागे रचलेल्या लाकडी पॅलेट, खाली सगळी बिळं. जुन्या चेनसॉच्या इंजिनाला पाइप जोडून त्यातून बिळात धूर सोडतात, धूर दुसऱ्या तोंडातून यायला लागला की समजायचं उंदीरही येणार. पहिला उंदीर आला तो असा की मला नुसती एक तपकिरी रेघ दिसली, लवंगी त्याच्यावर झेपावली, चुकली, स्वतःच्या वेगाने कोलांटी खाऊन चिखलात. सगळे हसले, मीही. दुसऱ्याला ती हलली नाही. मास्तरणीच्या खांद्याला खांदा लावून बसली, डोळे त्या भोकावर, आणि उंदराचं अर्धं अंग बाहेर येईपर्यंत थांबली. मग मानेशी धरलं, एकदा झटका, खाली टाकला. एक सेकंदसुद्धा नाही. टाकून माझ्याकडे बघितलं, तेच "आता काय", मेंढीच्या आवारातलं. मी आनंदाने ओरडणार तर बाईंनी हात केला, गप्प, तिला वाटू दे की हे रोजचंच काम आहे. त्यानंतर लगेच बाजूच्या कुरणातून दोन मेंढ्या गेटपाशी आल्या, कुतूहलाने, लवंगीने त्यांच्याकडे बघितलं आणि परत भोकाकडे बघितलं. मला रडू आलं ते तेव्हा, उंदराला नाही.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल. आधी म्हणाली, अगं गणपतीचं वाहन ते, काय करताय तुम्ही लोक. मग दोन मिनिटांनी, किती मारले म्हणालीस? सगळ्यांनी मिळून ४३. मग म्हणाली, मुंबईत महापालिकेचे ते रात्री काठी-बॅटरी घेऊन उंदीर मारणारे असतात त्यांना एका रात्रीत ३० मारावे लागतात, तुमची मंडळी बरी आहेत की, आणि आपल्या गुळाच्या गोडाऊनला एक महिना पाठव हिला. मी म्हटलं आई ४३ मध्ये हिचा एकच आहे. तर म्हणे, मग नको, मांजरच बरी.

ज्यांना बारीकसारीक माहिती हवी त्यांच्यासाठी. पिल्लू पाच महिन्यांच्या आधी घेत नाहीत, वरची मर्यादा नाही. पैसे बँक ट्रान्सफरने, पावती मागितली तर मिळते पण चेहरा वाकडा होतो. पाऊस हे रद्द करायचं कारण धरत नाहीत, नॉर्थम्बरलंडमध्ये धरलं तर क्लासच होणार नाही. टॉयलेट म्हणजे एक प्लास्टिकचा डबा, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, बायकांनी येताना वाटेत गावात थांबून यावं. मोबाइलला रेंज शून्य. चहा मात्र कडक, आणि बाईंचा आल्याचा केक इतका चांगला की मी रेसिपी मागितली, दिली नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोन टॉवेल, जाड हातमोजे, कुत्र्यासाठी वेगळं पाणी, कारण फार्मवरच्या डबक्यातलं पाजायचं नाही, लेप्टो आठवा. कुत्रं नुसतं फिरायला, फोटोला, सोफ्यासाठी असेल तर हा क्लास करू नका, तुमचे पैसे आणि बाईंचा वेळ दोन्ही जाईल. आणि ज्याला सहा आठवड्यांत उंदीर मारणारं कुत्रं हवंय त्यानेही करू नका.

पुढची बॅच जुलैत. शेजारच्या गल्लीतल्या केरळच्या नर्सताईंनी जॅक रसेल घेतलंय, त्यांच्यासाठी मी मागच्या आठवड्यात फोन करून जागा धरली. फोन ठेवायच्या आधी विचारून घेतलं, ती म्हातारी मेंढी आहे ना अजून? आहे म्हणाल्या. या हिवाळ्यात एक दात गेला तिचा, पण पाय आपटते तसाच.